मुलांच्या सरावात ‘साधी शिवी’ चालते का? प्रशिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने

दहा ते सोळा वर्षांच्या मुलांना कबड्डी शिकवणारे मित्र मला दर हंगामात एकच प्रश्न विचारतात: ‘आयला-च्यायला इतपत चालतं ना? त्याशिवाय पोरं हलतच नाहीत.’

माझं उत्तर सरळ आहे. मुलाकडे बोट करून टाकलेली शिवी चालत नाही, मग ती कितीही साधी वाटो. पकड सुटली म्हणून स्वतःशीच तोंडातून निसटलेला ‘आयला’ ही वेगळी गोष्ट आहे, तो कमी करावा, पण त्यासाठी रात्रीची झोप घालवू नये. शब्द कोणता यापेक्षा तो कुणावर पडला हे आधी बघायचं.

हे बहुतेकांना पटतं. घोळ होतो तो पुढे, कारण सुरुवात उलट्या टोकाने होते. पहिल्याच दिवशी मुलांना रांगेत उभं करून ‘आजपासून शिवी दिली की वीस जोर’ असं जाहीर होतं आणि दहाव्या मिनिटाला सर स्वतःच ओरडतात. पोरं एकमेकांकडे बघतात आणि तो नियम तिथेच मरतो. खरा क्रम असा: आधी स्वतः, मग सोबतचे मोठे, मग पालक, आणि शेवटी मुलं. हा क्रम मोडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही.

सुरू करण्यापूर्वी

सहा आठवडे हाताशी ठेवा. एक साधा फोन, एक वही आणि सहायकाबरोबर निवांत बसायला एक संध्याकाळ एवढंच लागतं. जिल्ह्याची निवड चाचणी पंधरा दिवसांवर असेल तर पूर्ण बदल आता हाती घेऊ नका. फक्त दुसऱ्या टप्प्यात येणारा शब्दांचा तिसरा ढीग, म्हणजे रूप, वस्ती, मुलींवरून मारलेले टोमणे, आजच्या आज बंद करा आणि बाकीचं चाचणीनंतर घ्या.

१. आधी स्वतःचा आवाज ऐका

दोन सराव फोनवर ध्वनिमुद्रित करा. त्यातला एक सराव सामन्याचा हवा, कारण खरं तोंड तिथेच सुटतं. फोन राखीव खेळाडू बसतात तिथे, पिशवीवर ठेवा. सहायकांना आणि पालकांना आधी सांगा की हे फक्त माझं बोलणं तपासायला आहे, कुणाला पाठवणार नाही.

मग घरी एकट्याने ऐका आणि वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात शब्द. दुसऱ्यात तो कुणावर गेला: हवेत, स्वतःवर, मुलावर, पंचावर. तिसऱ्यात, त्या शब्दानंतर लगेच काही सूचना दिली का, हो की नाही.

तिसरा रकाना सगळे टाळतात. काम तिथेच आहे, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या पहिल्या ध्वनिमुद्रणात सराव सामना होता. डावा कोपरा सांभाळणारा चौदा वर्षांचा मुलगा घोट्याची पकड करायला झेपावला, हाती काही लागलं नाही, चढाई करणारा गुण घेऊन परत गेला. त्यावर माझा आवाज: ‘ए बैला, डोळे फुटले का?’ पुढच्या चढाईत तो झेपावलाच नाही, साखळीतल्या शेजाऱ्याचा हात धरून जागेवर उभा राहिला. त्यावर पुन्हा मी: ‘आता काय मूर्ती झालास का रे, हलव की पाय!’ मी ते घरी तीनदा ऐकलं. चढाईवाल्याचा पाय जमिनीवर टेकायच्या आधीच तू झेपावलास, ही एकच गोष्ट त्या पोराला सांगायची होती. ती मी दोन्ही वेळा सांगितली नव्हती. त्याला कळलं एवढंच, की गेलं तरी बोलणी आणि नाही गेलं तरी बोलणी.

तपासणी: मुलावर गेलेल्या शब्दांपुढे तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ जास्त दिसत असेल तर अडचण फक्त तोंडाची नाही, शिकवण्यातच भोक आहे. तिसरा टप्पा दुप्पट वेळ देऊन करा.

२. शब्दांचे तीन ढीग करा

वहीतले शब्द आता तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग, हवेत सुटलेले उद्गार. आयला, च्यायला, मायला. हे शब्द आईवरच्याच शिवीचे झिजलेले तुकडे आहेत. मोठ्यांच्या कानाला त्यातली आई आता ऐकू येत नाही. पण दहा वर्षांचं पोर तोच शब्द घरी आजीसमोर बोललं की आजीला बरोबर ऐकू येतो, आणि मार पोराला पडतो. हा ढीग हळूहळू कमी करायचा. ‘अरेरे’, ‘गेली’, ‘हुकलं’ यांनी तेच काम होतं.

दुसरा ढीग, मुलाला उद्देशून टाकलेले शब्द. साल्या, बैला, गाढवा, नालायका, हरामखोरा. हा पूर्ण बंद. ‘मी प्रेमाने म्हणतो’ ही सबब मीही बरीच वर्षं दिली आहे. ज्या मुलाचा खेळ चांगला चाललाय त्याला ते प्रेम वाटतंही. ज्याची संघातली जागा डळमळीत आहे त्याला तोच शब्द ‘उद्या तू बाहेर’ असा ऐकू येतो. एका शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर तो शिकवायच्या कामाचा नाही.

तिसरा ढीग सर्वांत घातक, कारण त्यातल्या शब्दांना कुणी शिवी म्हणतच नाही. जाड्या, काळ्या, बुटक्या. ‘बांगड्या भर हातात.’ ‘पोरीसारखा रडतोस काय.’ मुलाची वस्ती, आडनाव, बापाचा धंदा, बोलण्यातली ढब. घरी मराठी न बोलणाऱ्या मुलाला त्याच्या राज्यावरून मारलेली हाक. शेजारच्या मैदानावर मुलींचा संघ सराव करत असतो आणि इकडून ‘बांगड्या भर’ ऐकू जातं, तेव्हा तुम्ही एका वाक्यात दोन संघांचा अपमान करता. ‘च्यायला’ मूल संध्याकाळपर्यंत विसरतं. ‘जाड्या’ आरशासमोर आठवतं. या ढिगाला सहा आठवड्यांची मुभा नाही, तो आजच बंद.

गावागावाप्रमाणे शब्दाचं वजन बदलतं, हेही लक्षात घ्या. मालवणीतला ‘मेल्या’ मायेचा असतो. विदर्भात ‘का बे’ ही दोस्तीतली हाक आहे, पुण्यात तीच उद्धट वाटते. कोल्हापूरकडे जिवलग मित्र एकमेकांना जे म्हणतात ते नाशिकच्या पोराला सांगितलं तर तो मारामारीला उठेल. मुंबई, ठाणे, पिंपरी-चिंचवडच्या संघांत तर चारही दिशांची मुलं असतात. तेव्हा शब्द तुमच्या गावाच्या कानाने तोलू नका, संघात सर्वांत नवीन आलेल्या मुलाच्या कानाने तोला.

एखादा शब्द कुठल्या ढिगात टाकायचा ते कळत नसेल तर एकच विचारा: हाच शब्द त्या मुलाने मला परत म्हटला तर चालेल का? ‘का बे’ म्हणणाऱ्या सरांना पोरगा ‘का बे सर’ म्हणाला तर काय होईल, ते आपल्याला माहीत आहे.

खबरदारी: ही यादी मुलांना वाचून दाखवू नका. निम्म्या पोरांना नवे शब्द मिळतील आणि उरलेली निम्मी हसतील.

३. रिकाम्या जागी सूचना भरा

शिवी बंद केली आणि तिच्या जागी काही ठेवलं नाही तर आठवड्यात ती परत येते. ओरडायची सवय जात नाही, ओरडायला दुसरं काहीतरी हातात असावं लागतं. म्हणून प्रत्येक वारंवार होणाऱ्या चुकीसाठी दोन-तीन शब्दांची हाक ठरवा आणि सरावात ती इतकी वापरा की मुलं झोपेतही ओळखतील. माझ्या वहीतल्या काही:

- कोपरा लवकर झेपावतो: ‘पाय टेकू दे!’
- पकड झाली, पण मदतीला कुणी आलं नाही: ‘साखळी, आत!’
- पकड करणारे सरळ उभे राहतात: ‘गुडघे खाली!’
- चढाईवाला बोनसच्या, म्हणजे बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या जादा गुणाच्या, नादात खोल जातो: ‘बोनस नको, परत!’
- मैदानात पाचच बचावपटू आहेत आणि हा बोनस रेषेकडे बघतोय: ‘पाच आहेत!’ सहा किंवा अधिक बचावपटू असल्याशिवाय बोनस मिळत नाही, हे त्याला शिकवलेलं असतं, त्या घाईत फक्त आठवण हवी असते.
- चढाईचे ३० सेकंद संपत आलेत: ‘दहा!’ आणि मग ‘पाच!’

यातली प्रत्येक हाक ‘बैला’पेक्षा मोठ्याने ओरडता येते. आवाज चढवायला माझी ना नाही. मैदान मोठं असतं, बाजूला गोंगाट असतो, ओरडावं लागतंच. पण ओरडण्यात मुलाला हातापायांनी करता येईल असं काहीतरी असावं.

क्रमही पाळा. आधी मुलाचं नाव, मग हाक. नाव नसेल तर सातही जण दचकतात आणि ज्याला सांगायचं तो शेजाऱ्याकडे बघतो. आणि पूर्ण समजावणं चढाई चालू असताना नको, ते चढाई संपल्यावर, मुलाला जवळ बोलावून.

नेहमीची चूक: ‘लक्ष दे’, ‘डोकं वापर’, ‘मनापासून खेळ’ यांना सूचना समजणं. त्यात शिवी नाही हे खरं, पण करायचं काय हेही नाही.

तपासणी: सहायकाला सरावात फक्त तुमच्या हाका टिपायला बसवा. दर तीन हाकांतल्या दोन तरी हातापायांना काही करायला सांगणाऱ्या असतील, तेव्हाच पुढच्या टप्प्याकडे जा.

४. मोठ्यांना आधी बांधून घ्या

आपल्या मंडळांत प्रशिक्षक एकटा नसतो. संध्याकाळी जुने खेळाडू येतात, मुलं त्यांना दादा म्हणतात आणि त्यांचं बोलणं सरांपेक्षा जास्त उचलतात. तुम्ही तोंड सांभाळलं आणि दादाने नाही, तर मुलं दादाचंच घेणार. म्हणून या मंडळींना वेगळं भेटा, मुलांसमोर नाही. ‘तुमचं तोंड वाईट आहे’ असं म्हणू नका. हाकांची यादी हातात द्या आणि म्हणा, ‘आपण सगळे एकच शब्द वापरू, म्हणजे पोरांचा गोंधळ होणार नाही.’ दादा लोकांना काम दिलं की ते निभावतात.

मग पालक. इथे एक वाक्य हमखास येतं: ‘सर, मारा, शिव्या द्या, पण पोरगं घडवा.’ बाप हे मनापासून म्हणतो, त्याच्या सरांनी त्याला तसंच शिकवलेलं असतं. वाद घालू नका. मी एवढंच सांगतो: ‘तुमचा विश्वास आहे, तो मला हवाच आहे. पण शिवी दिली की पोरगं माझ्या तोंडाकडे बघतं, आणि मला ते चढाईवाल्याच्या पायाकडे बघायला हवंय.’ हे बहुतेकांना पटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्या मुलालाही नियम तोच राहील, हे तिथेच स्पष्ट करा. बापाने परवानगी दिली म्हणून मुलाला शिवी देता येत नाही.

खबरदारी: रेषेबाहेर उभे राहून स्वतःच्याच मुलाला शिव्या घालणारे पालक असतात. त्यांना सर्वांसमोर टोकू नका, मुलाची मान आणखी खाली जाते. खेळ संपल्यावर बाजूला घ्या. दुसऱ्यांदा झालं तर सरावाला मुलाला सोडून निघून जायला सांगा, आणि हे आधीच्या बैठकीत सांगून ठेवा.

५. आता मुलांशी बोला

दोन मिनिटांत संपवा, आणि सुरुवात स्वतःपासून करा: ‘मी तुम्हाला काही वेळा वाईट बोललो. ते बंद करतोय. तुम्हीही एकमेकांना बोलायचं नाही. चूक झाली की काय करायचं ते सांगायचं.’ भाषण नको, संस्कारांवर प्रवचन तर नकोच.

त्याच वेळी मुलांना एक हक्क द्या. सर नुसतेच ओरडले आणि काय करायचं ते कळलं नाही, तर हात वर करून विचारायचं: ‘सर, काय करू?’ पहिले आठ दिवस कुणी विचारणार नाही. एखाद्या थोरल्या मुलाला आधी सांगून ठेवा, तो विचारेल, मग बाकीचे धीर करतील. आणि त्याने विचारलं की चिडू नका. हा प्रश्न म्हणजे तुमच्या तिसऱ्या रकान्याचा जिवंत पहारेकरी आहे.

तुमच्या तोंडून निसटेलच. तेव्हा तिथेच, ज्यांनी ऐकलं त्या सर्वांसमोर, एका वाक्यात माफी मागा आणि लगेच सूचना द्या: ‘चुकलं माझं. पाय टेकू दे, मग धर.’ नंतर एकट्याला गाठून मागितलेली माफी अर्धीच पोचते, कारण अपमान सात जणांसमोर झालेला असतो.

मुलाच्या तोंडून निसटलं तर तीच चाळणी लावा. स्वतःच्या चुकीवरचा उद्गार असेल तर कानाडोळा. सहकाऱ्यावर गेला असेल तर खेळ थांबवा आणि विचारा, ‘त्याने काय करायला हवं होतं? ते सांग त्याला.’ बहुतेक वेळा तो बरोबर सांगतो. मग खेळ सुरू. त्याच सरावात पुन्हा झालं तर पाच मिनिटं रेषेबाहेर, सहायकाशेजारी. आणि तिसऱ्या ढिगातला शब्द असेल तर पहिल्याच वेळी बाहेर, सराव संपल्यावर दोघांशी वेगवेगळं बोलणं.

इथे होणाऱ्या चुका:

- जोर, बैठका, मैदानाच्या फेऱ्यांची शिक्षा. ज्या व्यायामावर त्याचा खेळ उभा राहायचा आहे त्याचाच त्याला तिटकारा येतो.
- दंडाची पेटी. पाच रुपये एका मुलाला काहीच नसतात आणि दुसऱ्याचं परतीचं रिक्षाभाडं असतं.
- ‘काय म्हणालास? परत म्हण सगळ्यांसमोर.’ शिवी एकदा ऐकायची होती ती दोनदा ऐकवली, आणि मुलाला कोपऱ्यात कोंडलं.
- चुगली करणाऱ्याला शाबासकी. आठ दिवसांत संघ फुटतो.

६. सामन्याचा दिवस

सगळी मेहनत इथे वाहून जाऊ शकते, म्हणून तयारी आदल्या दिवशी करा. किशोर गटाचा सामना १५-१५ मिनिटांचा, मध्ये ५ मिनिटं विश्रांती. टाइमआऊट ३० सेकंदांचा. त्या ३० सेकंदांत घाईने बोललं तरी साठ-सत्तर शब्द मावतात, आणि दमलेलं पोर त्यातल्या दोन गोष्टी धरून ठेवतं. म्हणून कागदावर आधीच लिहून न्या: एक गोष्ट पकडीची, एक चढाईची. मुलं जवळ आली की पहिले काही सेकंद गप्प राहा, त्यांना पाणी पिऊ द्या. त्या शांततेत तुमचाही राग उतरतो.

पंचाच्या निर्णयावर तुम्ही काय बोलता हे बाकावरची पाच मुलं ऐकत असतात, मैदानातल्या सातांपेक्षा नीट. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर. तुमचं ऐकून पंचावर तोंड सोडणारा मुलगा दोन मिनिटं बाहेर बसतो आणि संघ सहावर येतो.

इतर खेळांच्या प्रशिक्षकांसाठी थोडक्यात. फुटबॉलमध्ये अपमानास्पद किंवा शिवराळ भाषेला थेट लाल कार्ड आहे, आणि २०१९ पासून ते प्रशिक्षकालाही दाखवता येतं. बाकावरून कोण बोललं हे कळलं नाही तर तिथल्या मुख्य प्रशिक्षकाला कार्ड मिळतं, म्हणजे सहायकाचं तोंडही तुमच्याच खात्यावर. क्रिकेटच्या नियमांत २०१७ पासून ४२वा नियम खेळाडूंच्या वर्तनाचा आहे. अश्लील किंवा अपमानकारक बोलणं त्यात पहिल्या पातळीचा गुन्हा आहे: आधी ताकीद, संघाकडून पुन्हा झालं तर समोरच्याला ५ धावा.

तपासणी: हरलेल्या सामन्यानंतर गाडीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं खेळाबद्दल एक शब्दही बोलू नका. सगळ्यात जास्त तोंड सुटतं ते तिथे, आणि तिथे थांबवायला पंचही नसतो.

७. जिथे हे ‘भाषेचं’ प्रकरण राहत नाही

काही गोष्टी वहीत टिपून सुधारायच्या नसतात. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला लोकांसमोर जातीवरून शिवी देणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. लैंगिक हेतूने मुलाला उद्देशून काही बोलणं पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम ११ मध्ये लैंगिक छळ ठरतं, आणि या कायद्याखालचा गुन्हा घडल्याचं माहीत असून न कळवणाऱ्यावरही कारवाई होते. शाळेच्या संघात असाल तर चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ लागू होतं, त्यात मारण्याइतकाच मानसिक छळही वर्ज्य आहे. सहायकाकडून किंवा एखाद्या दादाकडून असं काही होताना दिसलं तर ‘घरातलं घरात मिटवू’ म्हणू नका. मुलाच्या पालकांना सांगा, पोलिसांत कळवा. बालकांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे, तो राखीव बाकाजवळ मोठ्या अक्षरांत लावून ठेवा, म्हणजे मुलालाही दिसेल.

८. सहा आठवड्यांनी पुन्हा फोन लावा

त्याच जागी, पुन्हा एक सराव सामना. तीन रकाने पुन्हा भरा आणि जुनं पान शेजारी ठेवा. दुसरा आणि तिसरा ढीग कोरा हवा. पहिल्यात चार-दोन ‘आयला’ राहिले असतील तर राहू द्या.

मग ध्वनिमुद्रण दुसऱ्यांदा ऐका, पण या वेळी स्वतःचा आवाज सोडून द्या आणि मुलांचे आवाज ऐका. एकमेकांना ती काय म्हणतात? माझ्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणात एका ठिकाणी पकड हुकते, मी काही बोलायच्या आधी तो डावा कोपरा शेजारच्या धाकट्याला सांगतो, ‘थांब ना, टेकू दे त्याचा पाय.’ असं एखादं वाक्य ऐकू येत नसेल, मुलं चुकीनंतर नुसतीच गप्प होत असतील, तर शिवी गेली पण सूचना पोचली नाही. तिसऱ्या टप्प्यापासून आणखी दोन आठवडे करा.

काम झालं की सगळी ध्वनिमुद्रणं फोनमधून पुसून टाका. त्यात मुलांचे आवाज आहेत आणि पालकांना तुम्ही शब्द दिला आहे.